चांदी दूध चोरते, की तिला दुखतंय?

वाचकाचं पत्र: डॉक्टर, मी ठाण्यात घोडबंदर रस्त्याला ओवळ्यात राहते. सासऱ्यांच्या वेळचा गोठा आहे, चार म्हशी आहेत आणि समोरच्या टॉवरमध्ये अठरा घरी दूध घालते. आमची चांदी पाच आठवड्यांपूर्वी व्यायली, तिसरं वेत. पारडू बाविसाव्या दिवशी गेलं. त्याला आठवडाभर मातकट, घाण वासाची हगवण होती. तेव्हापासून चांदी पान्हा सोडत नाही. दोन्ही वेळचं मिळून ९ लिटर देणारी म्हैस आता जेमतेम ४ लिटरवर आली आहे. चार दिवसांपासून मागच्या डाव्या सडाकडची कास कडक लागते, पहिल्या धारेत कण येतात आणि हात लावला की लाथ झाडते. सासूबाई म्हणतात, शतावरी आणि हळद दे. पेंडवाल्याने पान्ह्याच्या इंजेक्शनची बिनचिठ्ठीची बाटली दिली आहे. टॉवरमधल्या एका ताईंनी होमिओपॅथीच्या गोळ्या आणून दिल्या. अँटिबायोटिक दिलं तर कितीतरी दिवसांचं दूध ओतावं लागेल, आणि ग्राहकांनाही सगळं नैसर्गिक हवं असतं. औषधाशिवाय काही इलाज आहे का? – एक वाचक, ओवळा

ताई,

आधी एक काम करा, बाकीचं सदर नंतर वाचा. चांदीच्या शेपटीखाली थर्मामीटर लावून ताप बघा. घरातलं साधं थर्मामीटर चालेल, मात्र ते यापुढे गोठ्याचंच. म्हशीचं अंग १०१ अंश फॅरेनहाइटच्या आसपास असतं. पारा १०३ च्या वर गेला, तिने आंबोणाला (पेंड-भुश्याच्या खुराकाला) तोंड लावलं नाही, रवंथ थांबली, धारेतून पाण्यासारखं पिवळट किंवा लालसर काही आलं, किंवा कास गार आणि निळसर पडली, तर घरगुती काहीही करत बसू नका. त्याच तासाला डॉक्टर बोलवा. तुमचे नेहमीचे डॉक्टर मिळाले नाहीत तर १९६२ या क्रमांकावर फोन लावा, सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा तो क्रमांक आहे. यातलं एकही लक्षण नसलं तरी डॉक्टर उद्या संध्याकाळच्या आत यायलाच हवेत. कास चार दिवस कडक आहे, आणि दगडी, म्हणजे जंतूंमुळे कासेला येणारी सूज (कासदाह), हे चार दिवस अंगावर काढण्यासारखं दुखणं नाही.

आता पत्राकडे येतो. तुम्ही लिहिलंय, पान्हा सोडत नाही. घरातले म्हणत असतील, म्हैस दूध चोरते. पण तुमच्या पत्रात मला दोन दुखणी दिसतात आणि ती एकमेकांत गुंतली आहेत. पारडू गेलं, म्हणून पान्हा आखडला. पान्हा आखडला, म्हणून दूध कासेत तुंबलं. तुंबलेलं दूध म्हणजे जंतूंना आयतं अन्न, त्यामुळे एका सडात दगडी धरली. आता तो सड दुखतो, म्हणून हात लागताच ती अंग चोरते आणि उरलेला पान्हाही वर ओढून धरते. तुम्ही पान्ह्यावर इलाज शोधताय, पण सुरुवात दुखण्यापासून करायला हवी. दुखणाऱ्या जनावराला पान्हा फुटत नाही.

हे आधी सांगितलं, कारण दूध कमी झालं या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. दूध तयारच होत नाही, ही एक. तयार झालंय पण सुटत नाही, ही दुसरी. कासच आजारी आहे, ही तिसरी. शतावरी पहिलीसाठी, पारडाचा लळा दुसरीसाठी, कोरफड-हळदीचा लेप तिसरीसाठी. तुम्हाला तिघांनी चार उपाय सांगितले ते याच गोंधळातून. तुमचं वाईट कुणीच चिंतलेलं नाही, मात्र आधी कास हातात घेऊन कुणी पाहिली नाही.

तर दगडीपासून सुरू करू. उद्या सकाळी धार काढण्याआधी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घ्या. कण, गाठी, दोरे लगेच दिसतात. मग उरलेले तीन सडही तपासा. १०० मिलिलिटर पाण्यात चहाचा लहान चमचाभर धुण्याची पावडर विरघळवा. चार वाट्यांत चार सडांचं थोडं थोडं दूध घ्या, प्रत्येकीत तेवढंच हे पाणी घाला आणि वाटी पंधरा-वीस सेकंद गोल फिरवा. दूध पातळच राहिलं तर तो सड बरा. शेंबडासारखी तार धरली तर वरून निरोगी दिसणाऱ्या त्या सडातही आत दगडी आहे. ही छुपी दगडी जास्त नुकसान करते, कारण ती महिनोन्महिने डोळ्यांना दिसत नाही आणि रोजचं दूध खात राहते. वाट्या स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

मागच्या डाव्या सडाचं दूध आजपासून कॅनमध्ये घालू नका. अजूनही घालत असाल तर ते थांबवायलाच हवं, औषध सुरू असो वा नसो. ते दूध गोठ्यात जमिनीवरही पिळायचं नाही, त्यातूनच बाकीच्या तिघींना लागण होते. फिनाइल घातलेल्या बादलीत काढा आणि दूर ओता. बाकीच्या तिन्ही म्हशींच्या धारा आधी, चांदीची सगळ्यांत शेवटी, आणि तिचा आजारी सड त्याहून शेवटी. नंतर हात साबणाने धुवा.

सासूबाईंच्या हळदीकडे मी आदराने बघतो, आणि तसं बघायला मी उशिरा शिकलो. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून नोकरीला लागल्यावर शहापूर तालुक्यात फिरत होतो, तेव्हा एका पाड्यावर एक आजी गाईच्या कासेला कोरफडीचा गर चोळताना दिसल्या. मी त्यांना थांबवलं आणि चार शब्द सुनावलेही. त्यांनी माझं ऐकून घेतलं, मी दिलेलं इंजेक्शनही गाईला घेऊ दिलं आणि मी वळल्यावर पुन्हा गर चोळायला बसल्या. गाय बरी झाली. कशाने झाली ते मला आजही सांगता येणार नाही. मात्र त्यांना बोललो ते चुकलं, हे नक्की सांगता येतं. पुढे तमिळनाडू आणि बंगळूरच्या अभ्यासकांनी अशा लेपांचं माप पक्कं केलं, आणि आणंदचं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आज तोच लेप शेतकऱ्यांना शिकवतं.

माप असं: कोरफडीचं पान २५० ग्रॅम, हळद पूड ५० ग्रॅम आणि पानाला लावतात तो चुना १५ ग्रॅम. कोरफडीचे काटे काढून पान सालीसकट चिरा, तिन्ही एकत्र मिक्सरमध्ये वाटा. चुना आणि हळद भेटली की लालभडक रंग येतो. तो आला नाही तर चुना जुना आहे. एका वेळेला मूठभर गोळा घेऊन त्यात १५० ते २०० मिलिलिटर पाणी घाला, म्हणजे पातळ होईल. आजारी सड पूर्ण रिकामा करा, कास धुऊन पुसा आणि हे पाणी पूर्ण कासेला लावा, एकट्या त्या सडाला नव्हे. दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. लेप रोज ताजा वाटायचा. सोबत रोज दोन लिंबं अर्धी कापून तीन दिवस खायला घालायची. दुधात रक्त असेल तर दोन मुठी कढीपत्ता गुळाबरोबर वाटून दिवसातून एक-दोनदा चारतात.

दहा वेळा हा आकडा वाचून तुम्ही दमला असाल. घर, गोठा आणि अठरा घरचा रतीब सांभाळून ते कठीण आहे, मला कळतं. पण माझ्या मते लेपाचा अर्धा गुण त्या दहा वेळांतच आहे. दर दीड-दोन तासांनी कास धुतली जाते, चोळली जाते आणि सड रिकामा होतो. सूज उतरायला हळद-कोरफड मदत करतात, पण घाण दूध बाहेर पडतं ते तुमच्या हातांनी. दिवसातून दोनदा लेप फासून उपयोग झाला नाही असं सांगणारे पुष्कळ भेटतात.

आणि याची मर्यादाही ऐका. छुप्या दगडीत आणि सौम्य दुखण्यात हा लेप मी स्वतः सांगतो, कधीकधी फक्त लेपच सांगतो. तुमच्या चांदीला मात्र चार दिवस झाले आहेत, कास कडक आहे आणि दुधात कण आहेत. इथे लेप डॉक्टरांच्या औषधाबरोबर चालेल, त्याच्या जागी नाही. डॉक्टर आल्यावर त्यांना लेपाबद्दल सांगा, लपवू नका. औषध सुरू करण्याआधी दुधाचा नमुना तपासणीला घ्यायची विनंती करा. कुठला जंतू आहे आणि कुठलं औषध लागू पडेल हे कळलं तर अंदाजाने दोन-दोन औषधं बदलावी लागत नाहीत. दुखणं आणि सूज कमी करायचं औषधही मागा. त्यासाठी मेलॉक्सिकॅम हे चांगलं औषध आहे. कुणी डायक्लोफेनॅक पुढे केलं तर नको म्हणा. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण ते टोचलेल्या जनावराचं मढं खाऊन आपली गिधाडं मेली.

अँटिबायोटिकने दूध ओतावं लागेल, ही तुमची भीती खरी आहे. तर हिशेबच करून बघू. चांदी आता ४ लिटर देते. औषधाचे दिवस आणि नंतर बाटलीवर लिहिलेले थांबायचे दिवस मिळून समजा आठ झाले, तर ३२ लिटर गेले. आता दुसरी बाजू. कासेचे मागचे दोन सड पुढच्यांपेक्षा जास्त दूध देतात. नऊ लिटरच्या म्हशीत मागचा एक सड अडीच लिटरच्या घरात देतो. वेताचे अजून अडीचशेवर दिवस बाकी आहेत. दूध पुढे उतरत जाईल हे धरून निम्मंच मोजलं, तरी तो सड बाद झाला तर याच वेतात तीनशे लिटरच्या वर नुकसान आहे. पुढची वेतं वेगळीच. तीन सडी म्हैस बाजारात काय भावाने जाते, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

आणि औषध अर्धवट सोडू नका. दोन दिवसांत दूध पांढरं दिसायला लागलं की बंद करायचा मोह होतो. मग उरलेले जंतू निगरगट्ट होतात आणि पुढच्या वेळी तेच औषध चालत नाही.

ग्राहकांना काय सांगायचं? जे आहे ते सांगा: एक म्हैस आजारी आहे, तिला औषध चालू आहे, तिचं दूध इतके दिवस तुमच्याकडे येणार नाही. उकळल्याने औषधाचा अंश जात नाही, म्हणून ते दूध गुपचूप मिसळून उकळून प्या म्हणणं चालत नाही. ज्यांना नैसर्गिक दूध हवंय त्यांना खरं तर हेच हवंय की आजारी जनावराचं दूध आपल्या पोरांपर्यंत येऊ नये. दोन घरं कुरकुर करतील. बाकीची सोळा तुम्हाला कधी सोडणार नाहीत, असं मला वाटतं.

त्या टॉवरमधल्या ताईंनी गोळ्या आणून दिल्या ते मायेनेच. पण युरोपात कासदाहाच्या गाईंवर होमिओपॅथीच्या अशा चाचण्या झाल्या, ज्यांत कोणत्या गाईला खरी गोळी आणि कोणत्या गाईला नुसती साखर मिळाली हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. त्यांत गोळीचा गुण साखरेपेक्षा वेगळा दिसला नाही. मग गोळ्या देणारे कितीतरी जण शपथेवर गुण आला म्हणतात ते का? कारण सौम्य दगडी बऱ्याचदा आपली आपण बरी होते, आणि त्या वेळी जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. गोळीने चांदीचं बिघडणार नाही. गोळीवर विसंबून जे दिवस जातील, त्यांनी बिघडेल.

आता पेंडवाल्याची बाटली. ताई, ती बाटली आजच डॉक्टरांच्या हाती द्या, कचऱ्यातही टाकू नका. त्यात बहुधा ऑक्सिटोसिन असणार, म्हणजे म्हशीच्या मेंदूतून पान्ह्यासाठी जे सुटतं, तेच. पण त्यात ते किती आहे, कधीचं आहे आणि निर्जंतुक आहे का, हे सांगणारी चिठ्ठीच नाही. डॉक्टर गरजेपुरतं, मापाने हे औषध वापरतात, तो भाग वेगळा. रोज दोन्ही वेळा टोचलं की म्हशीला सुईची सवय लागते आणि तिच्याशिवाय पान्हा फुटत नाही. मग सुई टोचल्या जागी गळवं धरतात. मी तबेल्यांत अशा म्हशी पाहिल्या आहेत, ज्या सुई दिसली की थरथरायला लागतात आणि तरी सुईशिवाय थेंब देत नाहीत. कायद्यानेही हा गुन्हा आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम १२ मध्ये, दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असं काही टोचलं तर १,००० रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि जनावर सरकारजमा होतं.

दूध पिणाऱ्याला या इंजेक्शनाने काय होतं, हेही ग्राहक विचारतील. ऑक्सिटोसिन प्रथिनासारखंच असतं, पोटात गेलं की पचतं. मुली लवकर वयात येतात वगैरे जे फिरतं, त्याला मी दुजोरा देणार नाही. मार खाते ती म्हैस, आणि न टोचायला तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

पान्हा म्हणजे काय होतं, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथेच तुमच्या हातात सगळ्यांत जास्त आहे. गाईच्या कासेत खालच्या पोकळीत आधीच थोडं दूध उतरून बसलेलं असतं, पाचवा हिस्सा धरा. म्हशीच्या पोकळीत जेमतेम विसावा हिस्सा असतो. बाकी सगळं वर बारीक पिशव्यांत अडकलेलं असतं आणि मेंदूतून पान्ह्याचा हुकूम सुटल्याशिवाय ते खाली येत नाही. गाईला हुकूम पोहोचायला मिनिटभर लागतं. म्हशीला दोन-तीन मिनिटं, कधी त्याहून जास्त. म्हणून पहिल्या मिनिटाला सड पिळून काहीच आलं नाही तर म्हैस चोरते असं वाटतं. ती चोरत नसते, तिची वेळ आलेली नसते. आणि भीती, दुखणं, अनोळखी माणूस किंवा काठी दिसली की रक्तात भीतीचा रस सुटतो आणि तो हुकूम वाटेतच अडवतो. एकदा पान्हा फुटला की त्याचा जोर सात-आठ मिनिटं टिकतो. तेवढ्यात धार उरकली पाहिजे.

चांदीसाठी हा हुकूम आजवर पारडाच्या ढुशीने सुटायचा. आता दुसरी खूण लावायची आहे. दोन्ही वेळा एकच माणूस, एकाच वेळेला, एकाच बाजूने धारेला बसू दे. माझ्या मते ते तुम्हीच करा. आंबोण धारेच्या वेळीच गव्हाणीत टाका, आधी नको. बादलीचा आवाजही तिला ओळखीचा हवा. कोमट पाण्याने कास धुवा, कोरड्या फडक्याने पुसा आणि मग घड्याळ लावून तीन मिनिटं नुसती चोळा, वरून खाली, अधूनमधून तळहाताने पारडासारखी हलकी ढुशी द्या. सड फुगून चमकायला लागले की धार धरा, पूर्ण मुठीने. अंगठा मुडपून पिळायची सवय घरात कुणाला असेल तर ती मोडा, आतून सड जखमी होतो आणि दगडीला वाट मिळते. तुमच्याकडे रस्त्याचं किंवा बांधकामाचं काम चालू असेल तर त्या खणखणाटातही ती दचकत असेल. धारेची वेळ पहाटे अर्धा तास अलीकडे घेतली तर शांतता मिळेल. बाकीच्यांना लागू पडलेली वेळ तिलाही पडेल असं नाही, दोन-चार दिवस बघून ठरवा.

दुसरं पारडू लावता आलं तर उत्तम. शेजारच्या गोठ्यात महिन्याभराचं, निरोगी पारडू असेल तर विचारा. त्याच्या पाठीवर मीठ-गुळाचं पाणी शिंपडा, चांदीच्याच मुताचा किंवा दुधाचा वास त्याला चोळा आणि आधी लांबून दाखवा. चाटायला लागली की अर्धं काम झालं. मात्र कास बरी होईपर्यंत पारडाला सड तोंडात देऊ नका, त्याच्या तोंडाने जंतू चारही सडांत फिरतात. तोवर ते समोर बांधून नुसतं चाटू द्यायचं. जुनी माणसं मेलेल्या पारडाचं कातडं पेंढ्याने भरून पुढे ठेवायची. त्याने पान्हा फुटतो, हे मी पाहिलंय. पण पावसाळी हवेत आणि गजबजलेल्या वस्तीत सडकं कातडं ठेवण्यापेक्षा जिवंत पारडू बरं.

शतावरीची जागा इथे येते. सह्याद्रीत ती मिळते, बाजारात मुळांची पूडही मिळते. रोज ५० ग्रॅम पूड गुळात कालवून आंबोणात द्यायला हरकत नाही. काही चाचण्यांत दूध थोडं वाढलेलं दिसलं, काहींत नाही. माझा अनुभव असा की अशक्त, खाणं मंदावलेल्या जनावराला ती मानवते, धष्टपुष्ट जनावरात फार फरक पडत नाही. मेथी, अळीव, बाजरीचा घाटा यांचंही तसंच, बाळंतिणीला जसा आधार तसा म्हशीला. तेवढ्याने सासूबाईंचंही मन राहील, त्याला कमी लेखू नका. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत किंवा रस्त्याकडेला दूध दुप्पट करणारी बिननावाची पूड मिळते, ती मात्र घेऊ नका. त्यात काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

काढा करून बाटलीने पाजायचा असेल तर थांबा. मुरबाडकडे एका गोठ्यात व्यायल्यानंतर दुसऱ्या दिवशी म्हैस बसली, मान पोटाकडे वळवून, कान थंडगार. दुग्धज्वराचं अगदी पुस्तकी रूप, रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं. मी पोहोचेपर्यंत घरच्यांनी काळजीपोटी तिला दोन बाटल्या गुळाचा काढा पाजला होता. अशा जनावराला गिळता येत नाही, काढा फुफ्फुसात गेला. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर ती अर्ध्या तासात उठली, आम्ही सगळे हसलो. चौथ्या दिवशी ती न्यूमोनियाने गेली. त्या घरातल्या बाईचा चेहरा मला विसरता येत नाही. बसलेल्या, डोकं टाकलेल्या किंवा खोकणाऱ्या जनावराच्या तोंडात काहीही ओतू नका. कॅल्शियमची बाटलीही घरी टोचू नका, ती भराभर शिरेत गेली तर हृदय थांबतं.

आणि शतावरीआधी गव्हाण बघा. आपल्या ठाणे जिल्ह्यात म्हशी भाताच्या पेंढ्यावर जगतात. पेंढ्यात प्रथिनं नावापुरती, आणि त्यातलं ऑक्झॅलेट खाण्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं. नुसत्या पेंढ्यावर नऊ लिटरची म्हैस स्वतःची हाडं झिजवून दूध देते. शरीर सांभाळायला दीड-दोन किलो आंबोण, त्यावर दर दोन लिटर दुधामागे एक किलो, रोज क्षारमिश्रण ५० ग्रॅम, मीठ मूठभर आणि मिळेल तेवढा हिरवा चारा. पाणी समोर सतत हवं. दिवसातून दोनदा बादली दाखवून भागत नाही. तुम्ही गव्हाणीबद्दल काहीच लिहिलं नाहीत, पुढच्या पत्रात कळवा.

धार काढून झाली की सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं राहतं. तेवढा वेळ चांदीला बसू देऊ नका. तेव्हा हिरवा चारा टाका, खात उभी राहील. सड पोव्हिडोन आयोडीनच्या पातळ द्रावणात बुडवा. कितीचं द्रावण ते डॉक्टरांना विचारून घ्या, ग्लिसरीन घातलेलं असलं तर सड भेगाळत नाहीत. कुणी सड मोकळा करायला कडुनिंबाची काडी लोणी-हळद लावून आत घालायचा सल्ला देईल. काही ठिकाणी ते शिकवतातही. मी ते करू देत नाही. सडाच्या आत जाणारी वस्तू निर्जंतुक आणि डॉक्टरांच्या हातातलीच हवी.

शेवटी त्या पारडाबद्दल, कारण पत्रात तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात आणि तरी मला ती ओळ सगळ्यांत जड वाटली. पत्रावरून खात्रीने सांगता येत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मातकट, घाण वासाची हगवण म्हटलं की मला आधी पोटातले गोल जंत आठवतात. म्हशीच्या पारडांत हे जंत आईच्या दुधातूनच येतात, तुमचा गोठा कितीही स्वच्छ असो. तुम्ही काही कमी केलं नाहीत. पुढच्या वेळी पारडू जन्मलं की तास-दोन तासांत चीक पाजा, पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे साधारण तीन लिटर, दोन-तीन वेळा मिळून. आणि दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान डॉक्टरांकडून जंताचं औषध. हगवण लागण्याआधी, लागल्यावर नव्हे. तुमच्या बाकीच्या तिघींपैकी कुणी गाभण असेल तर तिच्या व्यायच्या अंदाजे तारखेपुढे हा दहावा दिवस आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आठ दिवसांनी चारही वाट्यांची परीक्षा पुन्हा करा आणि कुठल्या सडाची तार धरली, कुठल्याची नाही, ते मला लिहा. डाव्या मागच्या सडाचं आधी लिहा.